खुराडं दुपारी उघडं ठेवावं की बंद?

प्रश्न : आमच्या परसात दहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. खुराडं विटांचं, वर पत्रा, पुढे लाकडी दार. एप्रिल लागला की दुपारी कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात, पंख अंगापासून लांब धरून उभ्या राहतात. अंड्यांचं कवच इतकं पातळ झालंय की उचलताना तडा जातो. सासूबाई म्हणतात, लू आत येऊ देऊ नको, सगळं गोणपाटानं झाक. शेजारचे काका म्हणतात, झाकलं तर गुदमरतील, सताड उघडं ठेव आणि वरून पाणी मार. दोघांनीही आयुष्यभर कोंबड्या पाळल्या आहेत. मी कुणाचं ऐकू?
— एक वाचक, अकोट तालुका, जि. अकोला

उत्तर : ताई, दोघांचंही ऐका, पण वेगवेगळ्या वेळेला. भर दुपारी सासूबाईंचं म्हणणं खरं आहे, संध्याकाळपासून सकाळपर्यंत काकांचं. फक्त सासूबाईंच्या ‘सगळं झाक’मधलं ‘सगळं’ आणि काकांचं खुराड्याच्या आतही ‘वरून पाणी मार’, एवढं दोन्हीकडचं वगळायचं. असं का, ते समजायला कोंबडीच्या अंगापासून सुरुवात करावी लागेल.

कोंबडीच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, ४१ ते ४२ अंश सेल्सिअस. म्हणजे आपल्याला ज्या तापात दवाखाना गाठावा लागतो, ते तिचं रोजचं निरोगी अंग. वर पिसांचं पांघरूण. आणि घामाच्या ग्रंथी तिला अजिबात नाहीत. आपण घामाघूम होतो आणि तो घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, ही सोय तिच्याकडे नाही. मग ती काय करते? लाल तुरा, चोचीखाली लोंबणारी कातडी आणि उघडे पाय, या बिनपिसांच्या जागांकडे जास्त रक्त पाठवते, तिथून उष्णता बाहेर जाते. पंख उचलून धरते, म्हणजे पंखाखालच्या विरळ पिसांना वारा लागतो. राखेत, ओलसर मातीत अंग दाबून बसते, म्हणजे उष्णता जमिनीत उतरते. हे तिन्ही उपाय एका अटीवर चालतात : आजूबाजूची हवा आणि जमीन तिच्या अंगापेक्षा थंड हवी.

तुमच्या अकोटला मे महिन्याच्या दुपारी हीच अट मोडते. हवाच ४३-४४ अंश झाली की वारा कोंबडीची उष्णता नेत नाही, उलट तिला उष्णता देतो. लू म्हणजे नेमकं हेच. अशा वेळी खुराडं सताड उघडं ठेवलं तर प्रत्येक झुळूक तिला तापवते. सासूबाईंना आकडे सांगता येणार नाहीत कदाचित, पण वर्षानुवर्षांच्या पाहण्यातून त्यांना हे पक्कं माहीत आहे. त्यांचा मान राखा.

आता धापांकडे येऊ. बाकीचे उपाय संपले की तिच्या हाती एकच उरतो : तोंडातून आणि श्वासाच्या वाटेतून पाणी वाळवणं. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारी कोंबडी दीडशेच्याही पुढे जाते. एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता सोबत नेतं, त्यामुळे उपाय जोरदार आहे. पण त्याची किंमत ती दोन ठिकाणी मोजते. एक, अंगातलं पाणी भराभर जातं. दोन, इतक्या जोरानं श्वास सोडताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. अंड्याचं कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, आणि त्यातला कार्बोनेट रक्तातल्या याच कार्बन डायऑक्साइडपासून बनतो. तो धापांवाटे उडून गेला की कवचाला कच्चा माल कमी पडतो. त्यात उन्हानं तिचं खाणंही घटलेलं, म्हणजे कॅल्शियमही कमी. तुमच्या हातात तडकणारं अंडं म्हणजे कोंबडीनं दुपारभर टाकलेल्या धापांचा हिशेब आहे. त्याला रोग समजून औषधांच्या मागे लागू नका.

मग दुपारी करायचं काय? तुमच्या घरात कूलर असेल. पश्चिमेच्या खिडकीत कूलर आणि समोरची खिडकी बंद, असं ठेवलं की तासाभरात खोलीत चिकचिक होते, अंग पाझरायला लागतं. समोरची खिडकी उघडली की लगेच बरं वाटतं. खुराड्याला हाच नियम. ज्या बाजूनं लू येते त्या बाजूला, बहुधा पश्चिमेला, वाळ्याचा तट्टा किंवा दुहेरी गोणपाट टांगा आणि ते सकाळी अकरापासून चारपर्यंत ओलं ठेवा. समोरची बाजू मात्र झाकू नका, आणि छपराखालची फटही मोकळी ठेवा. हवा ओल्या गोणपाटातून आत यायला हवी आणि दुसरीकडून वर निघून जायला हवी. हवा ४२ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाणी वाळवून ती हवा तत्त्वतः २२ अंशांपर्यंत उतरवता येते. गोणपाटाला तेवढं जमत नाही. पण त्यातलं निम्मं जमलं तरी खुराड्यातली हवा कोंबडीच्या अंगापेक्षा पुष्कळ थंड होते, आणि तुरा, पाय, पंख यांचे तिचे स्वतःचे उपाय पुन्हा चालू होतात.

चारही बाजू झाकल्या तर? ओलावा आत कोंडतो, हवा दमट होते आणि दमट हवेत धापा निकामी ठरतात, कारण पाणी वाळतच नाही. काकांना भीती वाटते ती याची. तीच चूक मला स्वतःला फार महाग पडली आहे. नवतपा चालू होता, रोहिणीचं ऊन. मी माझ्या खुराड्याला चोहोबाजूंनी ओली पोती लावली, दुपारी बरं वाटलं म्हणून रात्रीही तशीच राहू दिली, वर मुंगसाच्या भीतीनं फळीचं दार लावून कडी घातली. सकाळी दार उघडलं तर नऊपैकी तीन कोंबड्या मरून पडल्या होत्या. बाहेर पहाटेची हवा चांगली गार होती. खुराड्यात हात घातला तर भट्टीसारखी वाफ. त्या सकाळपासून मी दुपारपेक्षा रात्रीचा विचार जास्त करतो, आणि तुम्हालाही तेच विनवतो.

दोन किलोच्या आसपासची एक कोंबडी दहा वॉट उष्णता तर सहज बाहेर टाकते. तुमची अकरा पाखरं म्हणजे शंभर वॉटचा जुना पिवळा दिवा एका पेटीत रात्रभर पेटता ठेवल्यासारखं. त्यात दिवसभर तापलेल्या विटा रात्री उष्णता सोडत राहतात. शिवाय श्वासातलं पाणी, आणि विष्ठेतलं पाणी. ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. या सगळ्याला बाहेर जायची वाट नसेल तर पहाटेपर्यंत आत काय होत असेल, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अकोल्याच्या उन्हाळ्यात गारवा मिळतो तो रात्रीच, आणि तो घेण्याची संधी आपण एका फळीच्या दारानं घालवतो.

म्हणून पहिलं काम, आणि याच आठवड्यात करा : फळीचं दार काढून चौकटीत अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी ठोका. बाजारात स्वस्त मिळणारी षटकोनी जाळी घेऊ नका. ती कोंबडीला आत ठेवते, पण मुंगूस तिची तार उचकटतं आणि साप तिच्यातून सरळ आत येतो. दुसरं काम, दाराच्या समोरच्या भिंतीत अगदी वर, पत्र्याच्या लगत, दोन-तीन विटा काढा आणि तिथेही तीच जाळी लावा. गरम हवा वर चढते, तिला वरूनच बाहेर जायचं असतं. खालून जाळीच्या दारानं थंड हवा आत, वरून गरम हवा बाहेर. पंखा नाही, वीज नाही. नवं खुराडं बांधायचा विचार असेल तर त्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद भिंतींवर पडेल. आणि लांब भिंती फूट-दीड फुटाच्या वर विटांच्या बांधूच नका, वर नुसती जाळी.

खरं तर तुमच्या भागातला जुना पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कूड याबाबतीत विटांच्या भिंतीपेक्षा शहाणा होता. ऊन अडायचं, वारा गाळून आत यायचा, रात्री भिंत तापलेली नसायची. आता विटा म्हणजे प्रगती असं वाटून आपण कोंबड्यांनाही पक्कं घर दिलं. मला तरी कोंबडीसाठी कूडच बरा वाटतो, आतून जाळी मारून.

पत्र्याचं म्हणाल तर भर दुपारी उघडा पत्रा ६० अंशांच्या पुढे सहज जातो आणि तीन फुटांवर बसलेल्या कोंबडीच्या पाठीवर ती धग सरळ उतरते. हवा कितीही खेळती असली तरी ही धग थांबत नाही, तिला आडच धरावं लागतं. पत्र्याला वरून चुना लावा, थोडा डिंक मिसळून, म्हणजे पहिल्या वळवात धुऊन जाणार नाही. त्यावर बांबू आडवे टाकून तुराट्यांच्या पेंढ्या किंवा उसाचं पाचट अंथरा. बांबू विसरू नका : पत्रा आणि पेंढ्या यांच्यामध्ये हवेला फिरायला चार बोटं जागा हवी. जवळ चूल किंवा शेकोटी असेल तर पाचट टाळा, चुना आणि शेडनेटवर भागवा.

पाण्याबद्दल. कोंबडी थंड दिवसांत जेवढं पाणी पिते, त्याच्या दुप्पट आणि कधी त्याहून जास्त उन्हाळ्यात पिते. अकरा पाखरांना पाच-सहा लिटर धरून चाला. पण पाणी कोमट झालं की ती चोच बुडवते आणि मागे सरते. प्लास्टिकचं भांडं उन्हात ठेवलं असेल तर ते भरलेलं असूनही रिकाम्यासारखंच. मातीची परळं घ्या, सावलीत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, कारण दांडगी कोंबडी एकाच भांड्यावर पहारा करते आणि गरीब तलंग तहानलेली राहते. दुपारी एकदा पाणी बदला. लिंबू पिळता येईल, चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडाही चालेल, पण तेवढंच एक परळ. बाकीच्यांत साधं पाणी असू द्या.

दाणा पहाटे आणि संध्याकाळी. पचन चालू असताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून सकाळी दहानंतर दाणे टाकू नका. संध्याकाळच्या दाण्याबरोबर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. कवच बनतं ते मुख्यतः रात्री, तेव्हा पोटात कॅल्शियम असलं तर उपयोगी पडतं.

काकांच्या ‘पाणी मार’बद्दल एवढंच सांगेन : अंगणात मारा, छपरावर मारा, कुडावर मारा, खुराड्याच्या आत नको. खालची भुश्याची गादी भिजली की विष्ठेतून अमोनियाचा वास सुटतो, डोळे चुरचुरतात, आणि ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. एक सोपी परीक्षा आहे. भल्या पहाटे खुराड्याच्या तोंडाशी उकिडवं बसा, आपलं नाक कोंबडीच्या उंचीवर आणा आणि श्वास घ्या. उभं राहून कळत नाही. वास नाकात झोंबला तर वरचं भोक अपुरं आहे, आणखी एक वीट काढा.

एखादी कोंबडी मान टाकून पडली, डोळे मिटू लागली, तर तिला लगेच झाडाखाली न्या आणि तिचे पाय व पोट साध्या पाण्यात बुडवा. तुऱ्यावरही पाणी लावा. बर्फ नको. हातानं किंवा सुपानं वारा घाला. ती उभी राहिली की थोडं थोडं पाणी पाजा, चोचीत ओतू नका, श्वासनळीत जातं.

आणि तुमच्या परसात कडुनिंब आहे का, ते लिहिलं नाहीत. असेल तर दुपारी खुराड्यात कोंबड्या कशाला हव्यात? झाडाखाली जाळीचं कुंपण करा, एका कोपऱ्यात माती खणून ओलसर ठेवा, त्यांना लोळू द्या. झाडाची सावली पत्र्याच्या सावलीसारखी तापत नाही, कारण पानांतूनही पाणी वाळत असतं.

प्रश्न : तुम्ही मागे ओलं गोणपाट सांगितलं होतं. आम्ही केलं, पण कोंबड्या जास्तच मलूल झाल्या. असं का?
— एक वाचक, देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : चूक माझी आहे. तेव्हा मी गाव न विचारता उपाय सांगितला. वरचं उत्तर वाचलंत तर कारण लक्षात येईल. तुमच्याकडे मे महिन्यात हवा ३४ अंश असते, पण आर्द्रता ७० टक्के. त्या हवेत पाणी वाळवून फार तर २९ अंशांपर्यंत पोहोचता येतं, तेही तत्त्वतः. अकोल्याला वीस अंशांचा फायदा, तुम्हाला जेमतेम पाच. आणि त्या पाचासाठी तुम्ही हवेत ओलावा वाढवला, गोणपाटानं वारा अडवला आणि कोंबडीच्या धापा निकामी केल्या.

गोणपाट आजच काढा. तुमच्या किनाऱ्यावरची हवा कोंबडीच्या अंगापेक्षा जवळजवळ कायम थंडच असते, त्यामुळे तुमच्याकडे वारा सहसा शत्रू होत नाही. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो, त्याच्या वाटेत काहीही ठेवू नका. खुराडं जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच करा, खाली जांभ्याचे चिरे लावून, आणि तळाला बांबूच्या पट्ट्या बोटभर फटी ठेवून बसवा. विष्ठा खाली पडते, वारा पायांखालून जातो. फटींखालून अर्ध्या इंचाची जाळी मारायला विसरू नका, तुमच्याकडे जनावरांचा वावर जास्त. गर्दीही कमी करा. एका कोंबडीला आत दोन चौरस फूट ही नेहमीची जागा, तुम्ही तीन धरा. वीज असेल तर टेबलफॅन बाहेर ठेवून जाळीतून वारा आत सोडणं हा तुमच्यासाठी सगळ्यात चांगला खर्च आहे.

खरी कसोटी मात्र पावसात लागेल. मृगाची सर आली की माणसं खुराड्याला प्लास्टिक गुंडाळतात ते गणपतीपर्यंत काढत नाहीत. आत कोंबड्यांचे डोळे पाणावतात, नाक वाहतं, आणि दोष थंडीला दिला जातो. दोष बहुतेक वेळा अमोनियाचा असतो. छप्पर भिंतीच्या बाहेर तीन फूट काढा, पागोळ्या दूर पडतील. आणि प्लास्टिक लावायचंच तर वरची वीतभर पट्टी सोडून खाली लावा.

प्रश्न : आमच्या गावच्या बाजारात मानेवर पिसंच नसलेली कोंबडी पाहिली. ती आजारी होती का?
— इयत्ता आठवीतला एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही रे बाळा, ती जन्मतःच तशी असते. तिच्यात एक जनुक असतं, ज्यामुळे मानेवर पिसं येत नाहीत आणि बाकीच्या अंगावरही कमी येतात. ते जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं असेल तर पिसं सुमारे ४० टक्क्यांनी कमी, एकाकडूनच आलं असेल तर साधारण निम्मी घट. उघडी मान म्हणजे उष्णता बाहेर टाकायला जास्तीची जागा. म्हणून उष्ण प्रदेशात या कोंबड्या उन्हाळा चांगला सोसतात आणि अंडीही टिकवून ठेवतात. केरळात अशी गावरान कोंबडी प्रसिद्ध आहे. पुढच्या वेळी दिसली तर दुपारी बघ : शेजारची भरल्या पिसांची कोंबडी आधी धापा टाकायला लागते की ही. घड्याळ लावून मिनिटाला किती श्वास घेते ते दोघींचे मोज, आणि वहीत वेळ, ऊन-सावली, दोन्ही आकडे लिहून मला पाठव.